भावासाठी वायरचा गेमिंग माऊस घ्यायचाय, काय बघून घेऊ?

प्रश्न : नमस्कार. माझा धाकटा भाऊ रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळतो, अधूनमधून तसाच काउंटर-स्ट्राइक २. गेल्या वर्षी ऑनलाइन साडेपाचशे रुपयांना घेतलेला दिव्यांचा माऊस आता एकदा दाबला तरी दोनदा क्लिक करतो, आणि नेम धरताना बाण उड्या मारतो. खोक्यावर १२८०० डीपीआय लिहिलं होतं. तो डीपीआय ३२०० वर आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी (माऊस हलवल्यावर नजर किती वळते तो आकडा) ०.१ वर ठेवतो. हात मोठा आहे, जुना माऊस मुठीत बुडतो, खेळून झाल्यावर मनगट चोळत बसतो. टेबलाला वरून काच आहे. त्याच कॉम्प्युटरवर संध्याकाळी मी हिशेबाची कामं करते. त्याच्या वाढदिवसाला नवा माऊस द्यायचाय. दोन हजार रुपयांत वायरचा घेऊ की बिनवायरचा, आणि दुकानात नेमकं काय बघू?

उत्तर : ताई, वायरचाच घ्या. दोन हजारांत बिनवायरचा घेतलात तर त्यातले काही पैसे रेडिओ आणि रिसीव्हरमध्ये जातात, आणि सेलचं वजन हाताला वेगळं जाणवतं. लॉजिटेकचा बिनवायरचा जी३०४ एक पेन्सिल सेल घालून ९९ ग्रॅम भरतो, त्याच घडणीचा वायरचा जी१०२ ८५ ग्रॅमचा आहे. भावाचं टेबल एकच, जागा एकच, माऊस पिशवीतून कुठे न्यायचा नाही. मग तेवढे पैसे सेन्सरवर आणि चांगल्या पॅडवर घालवलेले बरे.

खरेदीआधी मात्र अर्धा तास घरात घालवा. तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत, तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि त्यातली एक तर नवा माऊस आणूनही जाणार नाही.

ती म्हणजे बाणाच्या उड्या. ऑप्टिकल माऊसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो, तोच सेन्सर. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो घेतो, आणि दोन फोटोंमध्ये खुणा किती सरकल्या त्यावरून हाताची हालचाल ठरवतो. कापडाला विण असते, लाकडाला रेषा असतात, कागदाला तंतू असतात. स्वच्छ काचेवर टिपायला काही नसतंच. प्रकाश आरपार जातो, खालच्या लाकडावरून अंधुक काहीतरी परत येतं, आणि सेन्सर अंदाजाने चालतो. तेव्हा आज रात्रीच जुन्या माऊसखाली चार पांढरे कागद चिकटपट्टीने ताणून बसवा आणि भावाला खेळायला सांगा. उड्या थांबल्या तर दोष काचेचा. कागदावरही मारत असेल तर माऊस उलटा करून सेन्सरच्या भोकात बघा. तिथे अडकलेला एखादा केस किंवा पॅडचा धागा बाणाला जागच्या जागी थरथरवतो. कोरड्या इअरबडने तो अलगद काढायचा, पाणी किंवा स्पिरिट आत सोडायचं नाही. केसही नसेल तर वायर माऊसमध्ये जिथे शिरते तिथे ती हलकेच वाकवून बघा. त्या क्षणी दिवे विझले किंवा विंडोजने उपकरण निघाल्याचा आवाज केला, तर आतली एखादी तार तुटत आली आहे.

दुसरी तक्रार डबल क्लिकची. माऊसच्या बटणाखाली एक मायक्रोस्विच असतो. त्यात पातळ पत्र्याची कमान असते. दाबली की खालच्या बिंदूला टेकते, सोडली की उसळून परत येते. टेकताना ती एकदाच शांतपणे टेकत नाही, चेंडूसारखी दोनचारदा थरथरते. म्हणून माऊसमधली चिप पहिल्या स्पर्शानंतर काही मिलिसेकंद पुढच्या थरथरीकडे काणाडोळा करते. कमान दमली, किंवा टेकायच्या जागेवर काजळी धरली, की ही थरथर चिपने राखलेल्या वेळाहून लांबते आणि एक क्लिक दोन म्हणून मोजला जातो. माऊसमध्ये प्रवाह इतका थोडा असतो की ती काजळी जळून साफही होत नाही. रत्नागिरीची दमट, खारी हवा उघड्या धातूला मानवत नाही, त्यामुळे तुमच्याकडे स्विच कसला आहे हा प्रश्न पुण्या-नाशिकपेक्षा अधिक महत्त्वाचा.

ही तक्रार खरीच स्विचची आहे का, ते पाच मिनिटांत कळतं. नोटपॅडमध्ये एक लांब शब्द टाइप करा. त्या शब्दावर दोनदोन सेकंद थांबून पन्नास वेळा एकेकच क्लिक करा. एका क्लिकला फक्त कर्सर बसतो, डबल क्लिकला अख्खा शब्द निळा होतो. पन्नासांत एकदाही शब्द निळा झाला तर स्विच गेला. हीच चाचणी नव्या माऊसवर पहिल्या दिवशी घ्यायची आहे, लक्षात ठेवा.

तिसरी तक्रार हाताची. आमच्या मते माऊस निवडताना सगळ्यात आधी हात बघायचा, आणि लोक तो सगळ्यात शेवटी बघतात. भावाला टेबलावर पंजा सपाट, बोटं जुळवून ठेवायला सांगा. मनगटाच्या पहिल्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. मग अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी पंजाची रुंदी मोजा. पंजाच्या लांबीच्या साधारण साठ टक्के लांबीचा माऊस हातात बसतो, असा ढोबळ हिशेब आहे. १८ सेंटिमीटरच्या पंजाला १०८ मिलिमीटरच्या आसपास, २० सेंटिमीटरच्या पंजाला १२० च्या आसपास. रुंदीलाही तोच हिशेब लावता येतो, पण रुंदी जिथे अंगठा आणि करंगळी धरतात तिथली घ्यायची. कंपन्या बहुतेकदा सगळ्यात फुगीर जागेची छापतात.

माप घेतल्यावर तो माऊस धरतो कसा ते बघा. सांगून धरायला लावू नका, खेळताना बाजूला उभं राहून बघा. तळहात माऊसच्या पाठीवर पूर्ण टेकलेला आणि बोटं सरळ पसरलेली असतील तर त्याला पामग्रिप म्हणतात. अशा हाताला लांब आणि मागे उंच फुगवटा असलेला माऊस लागतो. तळहाताची फक्त मागची कड टेकलेली आणि बोटं पंजासारखी वाकलेली असतील तर ती क्लॉग्रिप. मध्यम लांबीचा, मागे उंचवटा असलेला माऊस चालतो. तळहात हवेत, नुसत्या बोटांच्या टोकांनी माऊस ढकलला जात असेल तर फिंगरटिप. लहान, बुटका आणि हलका हवा. तुमच्या भावाचा माऊस ‘मुठीत बुडतो’ आणि मनगट दुखतं, यावरून हात मुळात पामग्रिपचा असावा आणि लहान माऊसमुळे बोटं आखडून जबरदस्तीची क्लॉग्रिप होत असावी. आखडलेल्या बोटांचा ताण थेट मनगटावर येतो. अनामिका आणि करंगळी कुठे जातात तेही बघा. दोन्ही टेबलावर घासत असतील तर माऊस अरुंद आहे.

आता नावं सांगतो. तुमच्या बजेटच्या आसपास दोन माऊस सहज मिळतात आणि दोघांचे आकार एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. लॉजिटेक जी१०२ सुमारे ११७ मिलिमीटर लांब, ६२ रुंद आणि ३८ उंच आहे. दोन्ही बाजू सारख्या, अंड्याच्या आकाराचा, बुटका. रेझरचा डेथॲडर इसेन्शियल १२७ मिलिमीटर लांब, ४३ उंच आणि ९६ ग्रॅमचा. उजव्या हातासाठीच घडवलेला, डावीकडे चढता आणि उजवीकडे उतरता. पंजा १८.५ सेंटिमीटरपर्यंत असेल, किंवा धरण्याची पद्धत क्लॉ किंवा फिंगरटिपची असेल, तर जी१०२. पंजा १९.५ च्या वर आणि पामग्रिप असेल तर डेथॲडर इसेन्शियल. मधल्या मापाला दोन्ही हातात धरूनच ठरवावं लागेल. तुमच्या वर्णनावरून आमचा कल डेथॲडरकडे आहे, पण पट्टी वेगळं सांगत असेल तर पट्टीचं ऐका. भाऊ डावखुरा असेल तर डेथॲडर बादच. जी१०२ डाव्या हातात धरता येतो, फक्त त्याची बाजूची दोन्ही बटणं अंगठ्याऐवजी करंगळीकडे येतात.

डीपीआयच्या आकड्यांवर पैसे घालवू नका. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो कॉम्प्युटरला किती पावलं मोजून देतो. १९२० ठिपके रुंद असलेल्या स्क्रीनवर ८०० डीपीआयला बाण या कडेपासून त्या कडेपर्यंत न्यायला हात सुमारे ६ सेंटिमीटर फिरवावा लागतो. १२८०० ला तेच अंतर पावणेचार मिलिमीटरमध्ये संपतं. एवढ्याशा हालचालीत कुणालाच नेम धरता येत नाही. त्यात साडेपाचशेच्या माऊसवरचा १२८०० बहुतेकदा सेन्सरचा स्वतःचा आकडा नसतो; सेन्सर त्याच्या कितीतरी खाली मोजतो, आणि चिप प्रत्येक पावलाला गुणून फुगवून पाठवते. मग बारीक हालचाल केली की बाण एकेक ठिपका न सरकता चारचार ठिपके टाकत जातो. नेम धरताना नेमकं हेच नडतं.

भावाचं सध्याचं गणित, डीपीआय गुणिले सेन्सिटिव्हिटी, ३२०० गुणिले ०.१, म्हणजे ३२०. नव्या माऊसवर डीपीआय ८०० ठेवून व्हॅलोरंटमध्ये ०.४ लिहिलं की गुणाकार तोच येतो, हाताची सवय मोडत नाही. या मापाला गेममध्ये पूर्ण एक गिरकी घ्यायला माऊस सुमारे ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो. काउंटर-स्ट्राइकसाठी व्हॅलोरंटच्या आकड्याला ३.१८ ने गुणायचं, ०.४ चे १.२७ होतात. जुन्या माऊसचा ३२०० खरा ३२०० नसण्याची शक्यता दाट आहे, म्हणून पहिले दोन दिवस नेम थोडा मागेपुढे वाटला तर सेन्सिटिव्हिटी ०.०२ च्या टप्प्याने सरकवा आणि मग महिनाभर हात लावू नका. चांगल्या सेन्सरवर १६०० आणि ०.२ ठेवलं तरी फरक पडत नाही. आम्ही ८०० सुचवतो ते डेस्कटॉपवर बाण आवाक्यात राहतो म्हणून. संध्याकाळी तुम्हालाही त्याच माऊसवर चौकटीत आकडे भरायचे आहेत.

सेन्सरबद्दल बघायचा आकडा वेगळा आहे: आयपीएस, म्हणजे सेकंदाला किती इंच वेगापर्यंत सेन्सर वाट चुकत नाही. हा आकडा का महत्त्वाचा ते भावाच्याच मापावर बघा. पूर्ण गिरकी ४१ सेंटिमीटर, म्हणजे पाठीमागच्या शत्रूकडे वळायला साधारण २० सेंटिमीटरचा झटका. तो दीडदशांश सेकंदात मारला तर सरासरी वेग सेकंदाला ५२ इंच, आणि झटक्याच्या मध्यावर त्याच्या दुप्पट. ऑफिसच्या साध्या सेन्सरला एवढा वेग पेलत नाही; तो मध्येच खूण हरवतो आणि गेममधली नजर एकदम आभाळाकडे किंवा जमिनीकडे जाते. २०० आयपीएसच्या पुढचा सेन्सर मानवी हाताला पुरून उरतो. डेथॲडर इसेन्शियलचा २२० आहे. तैवानच्या पिक्सआर्ट कंपनीचे सेन्सर अनेक ब्रँडच्या माऊसमध्ये असतात. खोक्यावर सेन्सरचा नंबर ३३६० दिसला तर तो २५० आयपीएसचा, ३३८९ दिसला तर ४०० चा, ३३९५ दिसला तर ६५० चा. तिन्ही उत्तम. माहितीच्या पानावर सेन्सरचं नावही नाही आणि आयपीएसही नाही, नुसता मोठा डीपीआय छापलाय, असा माऊस सोडून द्या.

पोलिंग रेटबद्दल थोडक्यात. माऊस कॉम्प्युटरला सेकंदाला किती वेळा खबर देतो तो हा आकडा. साधा माऊस १२५ वेळा देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंगचा १००० वेळा, दर १ मिलिसेकंदाला. १००० हवेच. ८००० चे माऊस बहुतेक तुमच्या बजेटबाहेर जातात आणि प्रोसेसरवर बोजा टाकतात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र बदलायलाच सोळासतरा मिलिसेकंद लागतात, तिथे त्यांचा उपयोग नाही.

स्विचकडे परत येतो, कारण तुमच्या हवेत टिकण्याचा प्रश्न तिथेच आहे. खोक्यांवर एक कोटी, दोन कोटी, पाच कोटी क्लिक असं लिहिलेलं असतं. हे आकडे स्विच बनवणाऱ्याच्या यंत्रावर, ठरावीक परिस्थितीत मोजलेले असतात. ते एकमेकांशी तुलनेपुरते धरा, वर्षांची हमी म्हणून धरू नका. यावरचा खरा उपाय ऑप्टिकल स्विच. त्यात बटण दाबलं की प्रकाशाच्या वाटेतला पडदा सरकतो. धातूला धातू टेकून संदेश जात नाही, म्हणून थरथरही नाही आणि काजळीचा डबल क्लिकही नाही. तुमच्या दोन हजारांत ऑप्टिकल स्विचचा, योग्य मापाचा आणि नावाजलेला माऊस सेलमध्ये सापडला तर तो आधी घ्या. नाही सापडला तर मेकॅनिकल स्विचचा घ्या, फक्त पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. खोक्यावरचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. खेळ संपला की माऊसवर एखादं कापड टाकून ठेवायची सवय भावाला लावा. आणि वजन कमी करायला जाळीसारखी भोकं पाडलेल्या कवचाचे माऊस दिसतील, ते किनारपट्टीच्या घरात घेऊ नका. धूळ, घाम आणि दमटपणा थेट सर्किटवर बसतो.

दुकानात गेलात, मग ते रत्नागिरीतलं असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं, तर भावाला सोबत न्या. वाढदिवसाचं गुपित फुटेल, पण दुसऱ्याच्या हातासाठी माऊस घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पायासाठी चप्पल घेण्यासारखं आहे. नमुन्याचा माऊस मागा. हातात धरून कानाजवळ हलवा. आत काही खुळखुळायला नको. दोन्ही मुख्य बटणं टोकाशी, मध्यावर आणि मागे दाबून बघा. मागे थोडं जड लागणं ठीक, पण डावं-उजवं एकमेकांसारखं वाटलं पाहिजे, आणि बटण आडवं हलता कामा नये. अंगठा जागेवर ठेवून, पकड न बदलता बाजूची दोन्ही बटणं दाबता येतात का ते भावाला करून बघायला सांगा. पुढच्या बटणासाठी पकड सोडावी लागत असेल तर खेळात ते बटण वाया गेलं. चाक एकेक दाता फिरवा. प्रत्येक दाता स्पष्ट लागला पाहिजे आणि चाक खाली दाबताना ते पुढेमागे घरंगळायला नको. हिशेबाच्या लांब याद्या सरकवताना तुम्हालाही हेच लागणार आहे. शेवटी माऊस दुकानदाराच्या काउंटरच्या काचेवर ठेवून समोरासमोरचे कोपरे बोटाने दाबा. डुगडुगला तर खालच्या पट्ट्या समपातळीत नाहीत.

वायर नुसती बघू नका, माऊसपासून वीतभर अंतरावर चिमटीत धरून सैल सोडा. चांगली वायर स्वतःच्या वजनाने कमान करून खाली पडते. काठीसारखी ताठ राहिली तर ती खेळताना माऊस मागे ओढणार. वायरवर विणलेलं कापड म्हणजे चांगली वायर, अशी एक समजूत आहे. घट्ट विणलेली ताठ वायर उलट टेबलाच्या कडेला घासून उसवते आणि खरखरते. बुटाच्या नाडीसारखी सैल, मऊ विणीची मात्र फार छान. ती या किमतीत क्वचितच मिळते. साध्या रबरी वायरलाही घरी वळण लावता येतं. खोक्यातल्या घड्या जाव्यात म्हणून एक रात्र ती सरळ टांगून ठेवा. मग मॉनिटरच्या खालच्या पट्टीला एक मोठी बाइंडर क्लिप लावा, वायर तिच्या कानातून ओवा आणि क्लिपपासून माऊसपर्यंत सुमारे ३० सेंटिमीटर ढील सोडा. हात पॅडच्या चारही टोकांना नेऊन बघा; कुठेही वायर ताणली नाही आणि पॅडवर लोळलीही नाही की ढील बरोबर आहे. वायर माऊसभोवती गुंडाळून ठेवायची नाही. माऊसच्या वायरी तुटतात त्या बहुतेक वेळा तोंडाशीच.

पॅडसाठी चारशे-पाचशे रुपये बाजूला काढाच. काचेच्या टेबलामुळे तुम्हाला पॅड ऐच्छिक नाही. गिरकीला ४१ सेंटिमीटर लागतात, म्हणून निदान ४५ बाय ४० सेंटिमीटरचा, ३ ते ४ मिलिमीटर जाड, कापडी, कडा शिवलेला आणि खाली रबर असलेला घ्या. शिवण माऊसच्या बाजूने उंच आलेली नको, मनगटाला टोचते. काचेवर रबर घट्ट बसायला आधी काच ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. पावसाळ्यात कापड दमट होऊन माऊस जड चालायला लागतो. पॅड कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत सपाट वाळवा. इस्त्री आणि वॉशिंग मशीन दोन्ही वर्ज्य.

घरी आणल्यावर माऊस मागच्या यूएसबीमध्ये लावा, जुनाट हबमध्ये नको. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘माऊस’ मध्ये ‘पॉइंटर ऑप्शन्स’ उघडा. वेगाची पट्टी बरोबर मध्यावर, अकरापैकी सहाव्या खाचेवर ठेवा आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ समोरची खूण काढा. ती असली की हात जोरात नेला तर बाण जास्त जातो, हळू नेला तर कमी. हाताला एकच माप कधी लागत नाही. मग कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून डीपीआयच्या पाच पायऱ्यांपैकी एकच ठेवा आणि बाकीच्या काढा, म्हणजे चाकामागचं बटण चुकून दाबलं गेलं तरी ऐन लढतीत वेग बदलणार नाही. पोलिंग १००० करा. माऊसमध्ये स्वतःची मेमरी असेल तर हे सगळं तिच्यात साठवा. कॉलेजच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते, तिथेही आपलं माप चालतं.

परत करायची मुदत सुरू आहे तोवर चाचण्या उरकून घ्या. नोटपॅडची पन्नास क्लिकची वर सांगितली. पेंट उघडून तिरक्या रेषा हाताने, सावकाश काढा. तिरकी रेष आपोआप आडवी किंवा उभी सरळ होत असेल तर सेन्सर तुमच्या वतीने रेषा ‘सुधारतोय’, आणि तो नेमाला मारक आहे. मग पॅडच्या डाव्या कडेला एक जाड वही आणि तिच्या उजवीकडे २० सेंटिमीटरवर दुसरी वही, अशा दोन भिंती करा. एवढ्या अंतरात पूर्ण गिरकी व्हायला नको; भावाच्या मापाला ती होत नाही, म्हणून सेन्सिटिव्हिटी आहे तीच ठेवा. माऊस डाव्या वहीला टेकवून गेममध्ये भिंतीवरची एखादी खूण बघा. उजवीकडे जोरात न्या, पण वहीवर आदळू नका, टेकवा. मग अगदी हळू परत आणा. नजर त्याच खुणेवर आली तर सेन्सर प्रामाणिक आहे. शेवटची चाचणी जुन्या सीडीची. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते. ती पॅडवर ठेवून तिच्या भोकावर सेन्सर येईल असा माऊस ठेवा आणि भोकाच्या मर्यादेत किंचित हलवा. एका सीडीवर बाण हलला तर चालेल, दोन सीडींवर थांबला पाहिजे. माऊस उचलून पुन्हा मध्यावर आणताना बाण भरकटतो का, ते यावरून कळतं.

मनगटाबद्दल एवढंच की खुर्ची इतकी उंच हवी की कोपर टेबलाच्या पातळीला येईल आणि हात पुढे सपाट राहील. मनगट काचेच्या कडेवर टेकून वर वाकलेलं नको. माऊस बदलूनही दोन-तीन आठवड्यांत दुखणं कमी झालं नाही, किंवा रात्री बोटांना मुंग्या यायला लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा.

जुना माऊस फेकू नका. भाऊ इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आहे, त्याला तो उघडू द्या. स्क्रू खालच्या काळ्या पट्ट्यांच्या आत लपलेले असतात. पट्ट्या हेअर ड्रायरने किंचित कोमट करून नखाने उचलल्या की चिकट पुन्हा वापरता येतं. डाव्या बटणाखाली तीन पायांचा मायक्रोस्विच दिसेल, १२.८ बाय ५.८ मिलिमीटरचा. याच मापाचे नवे स्विच सुट्या भागांच्या दुकानात किंवा ऑनलाइन अगदी थोड्या पैशांत मिळतात. जुना काढण्याआधी दाबायचा ठिपका पुढे आहे की मागे, याचा फोटो काढून ठेवायचा. सोल्डरिंग आयर्नने एकेका पायावर ताजं सोल्डर वितळवून मग सोल्डर विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) शोषून घ्यायचं. पाय गरम न करता स्विच ओढला तर बोर्डवरचा तांब्याचा पट्टा उखडतो आणि माऊस कायमचा जातो. नवा स्विच बोर्डाला सपाट टेकलाय ना, हे बघून आधी मधला पाय जोडायचा, मग कडेचे. त्यानंतर पुन्हा नोटपॅड, पुन्हा पन्नास क्लिक. एकदाही शब्द निळा झाला नाही, तर तो माऊस पॅडवर ठेवून तुमच्या हिशेबाच्या कामाला घ्या, आणि भावाचा नवा माऊस त्याच्याकडेच राहू द्या.